पहिला क्रमांक रनिंग बॅकला? उभा राहा!

उभा राहा. बाकीच्यांनी दात दाखवू नयेत. तुमच्यातल्या निम्म्यांच्या वहीत हेच निघणार आहे.

प्रश्न साधा होता. अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, आपल्या संघाने कुठल्या जागांना आधी हात घालावा आणि का. तू काय लिहिलंस? पहिला रनिंग बॅक, दुसरा वाइड रिसीव्हर, तिसरा सेफ्टी, चौथा लाइनबॅकर आणि पाचवा, खाली ओळ रिकामी दिसत होती म्हणून असेल, टॅकल. खाली टीप म्हणून आणखी एक सल्ला, त्याच्याकडे मी शेवटी येतो. आणि 'का' या शब्दाला उत्तर काय, तर 'मागच्या मोसमात आपण इथे कमी पडलो.' एवढंच! दर रविवारी टीव्हीसमोर बसून ओरडलास आणि जिथे घसा जास्त बसला तिथे वरचा क्रमांक टाकलास. याला विचार म्हणत नाहीत. ही चिडचिड आहे, ओळीने मांडलेली.

त्यातून अंगात जर्सी जायन्ट्सची. न्यू जर्सीत वाढलास, ईस्ट रदरफर्डचं स्टेडियम तुझ्या घरापासून गाडीने जाण्याच्या अंतरावर. ही यादी दुसऱ्या कुणी लिहिली असती तर मी सोडून दिलं असतं. तुला सोडणार नाही. कारण तुझ्या संघाने हीच चूक जगासमोर केली, आणि ती वाचण्याची तसदी तू घेतली नाहीस.

२०१७चा मोसम जायन्ट्सने ३-१३ असा घालवला. त्या दुर्दशेचं बक्षीस म्हणून २०१८च्या ड्राफ्टमध्ये दुसरी पाळी मिळाली. क्वार्टरबॅक इलाय मॅनिंग ३७ वर्षांचा झालेला, त्याच्यापुढची फळी खिळखिळी. आणि घेतला कोण? पेन स्टेटचा सेक्वॉन बार्कली, रनिंग बॅक. आता कान देऊन ऐक, कारण तुम्ही सगळे इथेच फसता. बार्कली वाईट निघाला नाही. पहिल्याच मोसमात धावून आणि झेलून मिळून २,०२८ यार्ड, शिवाय नवोदितांमधला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू म्हणून पुरस्कार. आणि संघ? ५-११. पुढच्या वर्षी ४-१२. मग ६-१०, मग ४-१३. मधे २०२०मध्ये दुसऱ्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आणि अख्खं वर्ष गेलं. २०२२मध्ये एकदा प्लेऑफ गाठले, ते मान्य करतो. पण एका माणसाने सगळं बरोबर करूनही संघ वर्षामागून वर्षं तळाशी राहतो, तेव्हा दोष त्या माणसात शोधायचा की त्याला आधी घेणाऱ्यांच्या हिशेबात?

मार्च २०२४मध्ये तो फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला. तीन वर्षांचे ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर. पहिल्याच मोसमात २,००५ यार्ड धावला, आणि ९ फेब्रुवारी २०२५ला, स्वतःच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, सुपर बोल जिंकून बसला. तुझे जायन्ट्स त्या मोसमात ३-१४. माणूस तोच, पाय तेच. मग बदललं काय? बोल ना, यादी लिहिताना तर फार आत्मविश्वास होता.

फळी बदलली. उजवा टॅकल लेन जॉन्सन, २०१३चा चौथा खेळाडू. डावा गार्ड लँडन डिकरसन, २०२१ची दुसरी फेरी. सेंटर कॅम जर्गन्स, २०२२ची दुसरी फेरी. आणि डावा टॅकल जॉर्डन मायलाटा. हा ऑस्ट्रेलियातला रग्बी लीगचा गडी. ईगल्सने त्याला घेतला तोवर त्याने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. त्याला कधी घेतलं ठाऊक आहे? २०१८मध्ये, सातव्या फेरीत, २३३व्या क्रमांकावर. म्हणजे ज्या ड्राफ्टमध्ये तुझ्या संघाने दुसऱ्या पाळीला धावणारा घेतला, त्याच ड्राफ्टच्या अगदी शेपटाकडे शेजाऱ्याने वाट मोकळी करणारा घेतला, त्याला घरात ठेवून खेळ शिकवला आणि सहा वर्षांनी तो धावणाराही बाजारभावाने उचलून आणला. दावणीला बैल नसताना पोळ्यासाठी झूल शिवून ठेवावी, असा जायन्ट्सचा कारभार होता.

तोंड उघडलंस? बोल. 'सर, ही मागाहूनची अक्कल. क्वार्टरबॅक घेतला असता तर तोही फुकट गेला असता. जेट्सने तिसरा सॅम डार्नॉल्ड घेतला, ॲरिझोनाने दहावा जॉश रोझन, काय झालं त्यांचं?' बरोबर आहे. डार्नॉल्ड जेट्सकडे रुजला नाही आणि रोझनला ॲरिझोनाने एका वर्षात काढून टाकलं. पण त्याच फेरीत सातवा जॉश ॲलन होता आणि बत्तिसावा लमार जॅक्सन. दोघंही पुढे लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. मी तुला त्या चौघांतून ॲलन ओळखून दाखव असं म्हणतच नाही. ते कुणालाच धड जमत नाही, त्यावर येतोच आहे. मी विचारतोय ते माणूस ओळखण्याच्या आधीचं: ही जागा भरायला बाजारात काय पडतं? हा प्रश्न तुझ्या कागदावर कुठेच नाही. पैशाचं नावसुद्धा नाही. गणिताच्या तासाला बसतोस ना तू?

घे, फळ्यावर मांडतो. २०१०मध्ये पहिला आलेला सॅम ब्रॅडफर्ड सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर घेऊन गेला. पुढच्याच वर्षी पहिला आलेला कॅम न्यूटन चार वर्षांचे २ कोटी २० लाख. न्यूटन काही पावपट खेळाडू नव्हता. मधे २०११चा नवा कामगार करार झाला आणि नवोदितांचे पगार पाळीच्या क्रमांकाला बांधले गेले. क्रमांकाला म्हणतोय मी, जागेला नव्हे. दुसऱ्या पाळीला क्वार्टरबॅक घ्या, पंटर घ्या, पगार जवळपास तोच. बार्कलीचा तो आकडा चार वर्षांचा ३ कोटी १२ लाख होता. वर्षाला ७८ लाख.

आता त्याच उन्हाळ्यातले बाजारभाव बघ. जुलै २०१८मध्ये रॅम्सने टॉड गर्लीशी करार वाढवला तो वर्षाला साधारण १ कोटी ४४ लाखांचा, आणि रनिंग बॅकसाठी तो भाव डोळे पांढरे करणारा समजला गेला. ऑगस्टमध्ये पॅकर्सने ॲरन रॉजर्सशी केला तो वर्षाला ३ कोटी ३५ लाखांचा. वजाबाकी तू कर. रनिंग बॅक अगदी गर्लीच्या तोडीचा निघाला तरी वर्षाला वाचले ६६ लाख. क्वार्टरबॅक रॉजर्सच्या तोडीचा निघाला तर वाचले २ कोटी ५७ लाख. वर्षाला सगळ्या खेळाडूंवर मिळून खर्च करायची मर्यादा त्या मोसमात १७ कोटी ७२ लाख होती, आणि ती बत्तीसही संघांना सारखीच. मग त्या वाचलेल्या अडीच कोटींतून दोन उत्तम टॅकल येतात की नाही? ड्राफ्ट म्हणजे चार वर्षांचा स्वस्त पगार विकत घेणं आहे. पहिल्या फेरीवाल्याला पाचव्या वर्षाचा पर्यायही संघाच्याच हातात. जी जागा बाहेरून आणायला सगळ्यांत महाग, ती इथून आणायची: क्वार्टरबॅक, त्याला राखणारा टॅकल, समोरच्याच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा एज रशर, अलीकडे रिसीव्हर, कॉर्नर. आणि तू? पहिला रनिंग बॅक, तिसरा सेफ्टी. बाजारात ज्या जागा तुलनेने स्वस्तात मिळतात त्यातल्या दोन तुझ्या पहिल्या तिनांत. शाबास.

थांब, तू खाली बस. आता पहिल्या बाकावरची उठ. मघापासून मान डोलावते आहेस. तुझ्या वहीत मी बघितलंय, लाल शाईने लिहिलंस 'नेहमी फळी आधी' आणि खाली दोन रेघा मारल्यास. पाठांतर! त्याचा कागद चिडून लिहिलेला आणि तुझा घोकून लिहिलेला, एवढाच काय तो फरक.

तुझ्या बाजूचं उदाहरण आधी मीच देतो. २००२मध्ये ह्यूस्टनचा संघ नव्याने उभा राहिला आणि पहिल्या पाळीला त्यांनी डेव्हिड कार हा क्वार्टरबॅक घेतला. त्याला राखायला टोनी बोसेली नावाचा नावाजलेला टॅकल जुन्या संघांच्या खेळाडूंमधून आधीच निवडला होता. म्हणजे विचार केला नव्हता असं नाही. पण बोसेलीचा खांदा बरा झालाच नाही, तो ह्यूस्टनसाठी एकही सामना खेळला नाही, आणि कारला त्या एका मोसमात ७६ वेळा सॅक केलं, म्हणजे चेंडू हातात असतानाच पाडलं. हा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. एका टॅकलवर सगळं घर उभं केलं की असं होतं.

आता तुझ्या लाल शाईच्या विरुद्ध बाजूचं घे. नोव्हेंबर २०२०मध्ये सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो याचा गुडघा मैदानातच फाटला. पुढच्या एप्रिलला पाचवी पाळी. अर्धं गाव ओरडत होतं की ओरेगनचा पनेई सूल घ्या, डोंगराएवढा टॅकल आहे. बेंगल्सने घेतला जमार चेस, बरोचा कॉलेजातला जोडीदार, रिसीव्हर. तू असतीस तर लाल शाईने खोडलं असतंस. चेसने पहिल्याच मोसमात १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन केले आणि संघ थेट सुपर बोलमध्ये गेला. आणि ओरडणारेही खोटे नव्हते: त्या मोसमात बरो साखळीत ५१ वेळा सॅक झाला, टेनेसीविरुद्धच्या प्लेऑफमध्ये ९ वेळा, सुपर बोलमध्ये ७ वेळा. रॅम्सकडून २३-२० असा हरला तो आपल्या शेवटच्या चालीत ॲरन डोनाल्ड अंगावर आल्यामुळे. सूलला सातव्या पाळीला डेट्रॉईटने घेतलं आणि त्यांची फळी लीगमधल्या उत्तम फळ्यांपैकी एक झाली.

मग चुकलं कोण? पाचव्या पाळीला कुणीही नाही. चूक शोधायची तर दुसऱ्या फेरीत शोध. तिथे बेंगल्सने फळीसाठी जॅक्सन कार्मनला घेतलं आणि तो कधी पक्का उभाच राहिला नाही. जागा बरोबर, फेरी बरोबर, माणूस चुकला. पण हे बघायला पहिल्या दहा पाळ्यांच्या पुढे वाचावं लागतं. तुम्ही सगळे पहिल्या फेरीची तेवढी तालीम करता आणि उरलेल्या सहा फेऱ्यांना 'वगैरे' म्हणता. मायलाटा कुठल्या फेरीत होता, विसरलीस का इतक्यात?

बस. आणि तू परत उठ. अजून तुझा मुख्य गुन्हा राहिलाय.

'आपण इथे कमी पडलो.' कधी कमी पडलो? गेल्या वर्षी. ड्राफ्टमधला मुलगा कामाला येणार कधी? पुढच्या, त्याच्या पुढच्या, त्याच्याही पुढच्या वर्षी. तोवर तुझं ते भोक कुठे आहे याचा तुला पत्ता आहे? एखाद्याचा करार संपतो, कुणाचा खांदा जातो, कुणी तेहतिसाव्या वर्षी एका रात्रीत म्हातारा होतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. १९९६मध्ये क्लीव्हलंडहून नुकताच बाल्टिमोरला आलेला रेव्हन्स संघ बघ. मालक आर्ट मोडेल यांना चौथ्या पाळीला रनिंग बॅक लॉरेन्स फिलिप्स हवा होता. गरजही होती. डावा टॅकल मात्र घरात होता, टोनी जोन्स, चांगला खेळणारा. खेळाडूंची निवड सांभाळणाऱ्या ओझी न्यूसम यांनी आपल्या यादीत सगळ्यांत वर असलेला खेळाडू घेतला: जोनाथन ऑग्डन, डावा टॅकल. तुझ्या भाषेत, बिनगरजेचा. पहिलं वर्ष त्याला गार्डच्या जागी खेळवलं. एकूण बारा मोसम तो त्या संघात होता आणि आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. फिलिप्सची कारकीर्द काही वर्षांतच संपली. आणि त्याच फेरीत सव्विसाव्या पाळीला न्यूसम यांनी रे लुइस उचलला, तोही हॉल ऑफ फेममध्ये. मालकाला नाही म्हणायची हिंमत लागते, ती मी तुमच्या परीक्षेत मागत नाही. निदान स्वतःच्या चिडीला नाही म्हणा.

ग्रीन बे पॅकर्सचं सांगायला हवं का? २००५, क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह घरात, एकही सामना न चुकवणारा. चोविसाव्या पाळीला त्यांनी ॲरन रॉजर्स घेतला आणि तीन वर्षं बाकावर बसवला. फिलाडेल्फियाचं? २०१९मध्ये कार्सन वेन्ट्झशी त्यांनी १२ कोटी ८० लाखांचा करार वाढवला, आणि अकरा महिनेही झाले नाहीत तोच एप्रिल २०२०मध्ये दुसऱ्या फेरीत आणखी एक क्वार्टरबॅक घेतला, जेलन हर्ट्स. सगळं शहर खवळलं, टीव्हीवाल्यांनी धुतलं. बार्कलीने जिंकलेल्या त्या सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू कोण होता, ते तुला माहीत असेलच. तुझ्या शेजाऱ्यांनी फटाके लावले असतील.

पण लगेच ईगल्सचं देवघर मांडू नकोस. त्याच २०२०मध्ये, पहिल्या फेरीत, एकविसाव्या पाळीला त्यांना रिसीव्हर हवा होता. गरज खरी, जागा महागडी, क्रमांक योग्य. मी शिकवलेलं सगळं केलं. आणि घेतला जेलन रेगर. बाविसाव्या पाळीला मिनेसोटाने जस्टिन जेफरसन घेतला, त्याचा २०२४चा करार वर्षाला साडेतीन कोटींचा आहे. जागेची निवड बरोबर असूनही माणसाची चुकते, आणि ज्याला हे ठाऊक आहे तो आपल्या हातात पाळ्या जास्त ठेवतो.

उलटं टोकही बघून घे. डेट्रॉईटचा कारभारी मॅट मिलन. २००३, २००४, २००५, तिन्ही वर्षं पहिल्या दहांत पाळी आणि तिन्ही वेळा रिसीव्हर: चार्ल्स रॉजर्स, रॉय विल्यम्स, माइक विल्यम्स. एक पाळी चुकली तर पुढच्या वर्षी तीच जागा परत, कारण भोक तिथेच दिसत होतं ना! २००५मध्ये माइक विल्यम्स दहावा गेला आणि अकराव्या पाळीला डॅलसने डीमार्कस वेअर घेतला, जो आता हॉल ऑफ फेममध्ये आहे. २००७मध्ये चौथा रिसीव्हर, कॅल्विन जॉन्सन, तो मात्र खरा हिरा. त्यालाही घेऊन २००८मध्ये डेट्रॉईट सोळाच्या सोळा सामने हरलं. किकर आणि पंटर यांच्याबद्दल तर मी बोलतच नाही. जॅक्सनव्हिलने २०१२मध्ये तिसऱ्या फेरीत पंटर घेतला, आणि पाच पाळ्यांनी सिॲटलने रसेल विल्सन. हसू येतं ना? तुझी यादी बघून मलाही असंच येतं.

आता तो राहिलेला सल्ला. 'मनासारखा रनिंग बॅक मिळत असेल तर दोन-तीन पाळ्या देऊन वर चढावं.' केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघांनी वर्षानुवर्षांचे ड्राफ्ट तपासले. थेलरना पुढे, २०१७मध्ये, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. एका जागेवर आधी घेतलेला खेळाडू त्याच जागेवर त्याच्या पाठोपाठ घेतलेल्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता त्यांना किती आढळली? सुमारे ५२ टक्के. नाणं उडवलं तर ५०. आयुष्यभर हेच काम करणारी, खेळाडूंच्या टाचा-गुडघे मोजणारी माणसं नाण्यापेक्षा दोन टक्क्यांनी पुढे, आणि तू मोबाइलवर दहा क्लिपा बघून म्हणतोस, मला हाच हवा.

असंच म्हणणारा एक प्रशिक्षक होता, माइक डिट्का, न्यू ऑर्लिन्सचा. १९९९मध्ये पाचव्या पाळीला रिकी विल्यम्स हा रनिंग बॅक मिळावा म्हणून त्याने त्या वर्षाच्या हातातल्या झाडून सगळ्या सहा पाळ्या वॉशिंग्टनला दिल्या, वर पुढच्या वर्षीची पहिली आणि तिसरी फेरी. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर विल्यम्स नवरीच्या पांढऱ्या पोशाखात आणि डिट्का शेजारी नवरदेव. अख्ख्या ड्राफ्टमध्ये एकच खेळाडू घेऊन संघ घरी गेला. मोसम ३-१३. डिट्काची नोकरी गेली. आणि ती पुढच्या वर्षीची पहिली फेरी ३-१३मुळे थेट दुसरी पाळी ठरली. तिच्यावर वॉशिंग्टनने लव्हार ॲरिंग्टन घेतला, न्यू ऑर्लिन्सने बघत बसायचं.

आता तुझी ती शेवटची ओळ वाच. मनात नाही, मोठ्याने. मागच्या बाकापर्यंत ऐकू जाऊ दे.